सैन्यभरतीच्या जाहिरातीत खरा जवान दिसतो, पण नोकरीच्या अटी का दिसत नाहीत?

पांझराकाठ, धुळे (धागा सुरू करणारे)

धुळ्याहून साक्री, शिरपूर किंवा चाळीसगाव यांपैकी कोणत्याही रस्त्याला लागले, की भरती अकॅडम्यांचे फ्लेक्स दिसू लागतात. त्यांतला एक मी अलीकडे गाडी थांबवून नीट पाहिला. मध्यभागी निवड झालेल्या मुलाचा चेहरा होता आणि तो एका कमांडोच्या धडावर बसवलेला होता. गालाचा रंग एक, मानेचा दुसरा, डोक्यावर पॅराशूट पलटणीची मरून रंगाची टोपी आणि हातात रायफल. प्रत्यक्षात हा मुलगा अग्निवीर जनरल ड्यूटीच्या, म्हणजे अग्निपथ योजनेतून घेतल्या जाणाऱ्या सामान्य जवानांच्या, यादीत नुकताच आला होता आणि त्याचे प्रशिक्षणही अजून सुरू व्हायचे होते. खाली ‘शंभर टक्के निकाल’, ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ आणि दोन मोबाइल क्रमांक होते. नोकरी किती वर्षांची आहे, हे एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर कोठेही लिहिलेले नव्हते.

या विषयावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा सुरू करत आहे. सैन्यात यावे असे तरुणांना सांगण्याची रीत शंभर वर्षांत पुष्कळ बदलली. १९१४ साली ब्रिटनमध्ये युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे बोट रोखलेले चित्र गाजले. त्या चित्रात जवान नव्हताच, फक्त हुकूम होता. पुढे स्वयंसेवकांवर भागेना आणि जानेवारी १९१६ मध्ये तेथे सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागला. अमेरिकेने १९७३ साली सक्तीची भरती थांबवली आणि तेव्हापासून तेथील सैन्याला साबण-मोटारी विकणाऱ्या कंपन्यांप्रमाणेच जाहिरात संस्था नेमून तरुणांपुढे जावे लागले. अलीकडे या जाहिरातींचा भर अस्सलपणावर असतो. नटाऐवजी खरा जवान घ्यावा, त्याला पढवलेली वाक्ये देऊ नयेत, चिखल, थकवा आणि घरची आठवण हेही दिसू द्यावे, असा हा विचार आहे. आपल्या सैन्याच्या अधिकृत समाजमाध्यमांवरही आज खऱ्या जवानांची छायाचित्रे आणि चित्रफिती दिसतात.

ही दिशा मला योग्य वाटते. परंतु जवान खरा असला म्हणजे जाहिरात खरी झाली, असे मी मानत नाही. खरा जवान, खरा बर्फ, खरी बंदूक दाखवूनही मुलाच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट न सांगता ठेवता येते, आणि आपल्या भागात नेमके तेच चालले आहे.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे. तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना घरी यायचे असते. वेतन पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातील ३० टक्के रक्कम सेवा निधीसाठी, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशासाठी, कापली जाते, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात. चार वर्षांत मुलाच्या पगारातून सुमारे ५ लाख २ हजार रुपये जमा होतात, तेवढेच सरकार घालते आणि व्याजासह ही रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार होईल, असे योजना जाहीर करताना सांगण्यात आले होते. या रकमेवर प्राप्तिकर नाही. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि चार वर्षांनी परत येणाऱ्यास माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

या अटींमध्ये लपवण्यासारखे काहीही नाही. जिरायती कपाशीच्या पाच एकरांवर सहा माणसे जगतात त्या घरात अठराव्या वर्षी महिना २१,००० रुपये येणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि देशसेवेची ओढ आपल्या मुलांत खरोखर आहे. म्हणूनच मला वाईट वाटते ते याचे, की गावातल्या जाणत्या माणसांनाही ‘सरकार शेवटी बारा लाख देते’ एवढेच ठाऊक असते. त्यातले निम्मे मुलाच्या स्वतःच्या पगारातले आहेत, हे कोणी सांगितलेले नसते. माझ्या ओळखीच्या एका घरात या रकमेच्या भरवशावर बहिणीच्या लग्नाचे आणि विहिरीचे असे दोन्ही हिशेब मांडून झाले आहेत. पाचव्या वर्षी मुलगा काय करील, हा प्रश्न त्या घरात अजून कोणी काढलेला नाही.

माझी सूचना अशी आहे, की खानदेशातील मुलांसाठी भरतीची एक प्रामाणिक पाटी कशी असावी, तिच्यावर काय लिहावे आणि ती कोठे लावावी, हे आपण येथे मिळून ठरवावे. जे स्वतः सेवेत होते, ज्यांची मुले सेवेत आहेत आणि जे अकॅडमी चालवतात, त्या सर्वांनी लिहावे.


माजी सुभेदार, चाळीसगाव तालुका

पांझराकाठ भाऊ, आपण अटींचा विचार मांडलात, मी सेवेच्या स्वरूपाविषयी लिहितो, कारण तेही जाहिरातीत येत नाही.

तरुणांना शौर्याची दृश्ये दाखवली जातात. ती खोटी नसतात. पण जवानाच्या आयुष्यातील बहुतेक दिवस त्या दृश्यांसारखे नसतात. पहारा, साफसफाई, कवायत, हत्यारांची देखभाल, लंगरच्या कामाची पाळी, आणि ज्याचे कारण आपल्याला सांगितले जात नाही असा हुकूम निमूटपणे पाळणे, यांतच सेवेचा मोठा काळ जातो. प्रशिक्षण केंद्रातील पहिले काही आठवडे सर्वांत अवघड असतात. पहाटे उठण्याचा त्रास आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांना होत नाही, धावण्याचाही फारसा होत नाही. त्रास होतो तो चारचौघांत बोलणी खाण्याचा, हिंदीत उत्तर देण्याचा आणि घरी मनात येईल तेव्हा फोन करता येत नाही याचा. मी अनेक मुले या दिवसांत रडताना पाहिली आहेत आणि त्यांतलीच पुढे उत्तम जवान झालेलीही पाहिली आहेत. हे आधी कोणी सांगितले असते, तर ‘आपल्यालाच जमत नाही’ असे त्यांना वाटले नसते.

दुसरा विषय रजेचा. आमच्या काळी वार्षिक आणि नैमित्तिक मिळून वर्षाला ९० दिवस रजा असे. अग्निवीराला वार्षिक रजा ३० दिवसांची आहे. कापूस वेचणीला, भावाच्या लग्नाला आणि आईच्या आजारपणाला अशी तीनदा येणारी मुले आमच्या पिढीत होती. आता एका रजेत काय बसवायचे, हे घरच्यांना आधीच ठरवावे लागेल. शिवाय चार वर्षे पूर्ण होण्याआधी स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडता येत नाही, अत्यंत अपवादात्मक कारण असले तरच परवानगी मिळते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि कठीण बाजू सांगितली तर मुले येणार नाहीत, अशी भीती कोणी बाळगू नये. ज्याला यायचे आहे तो येतोच. मला सुभेदारकीच्या अनुभवावरून असे वाटते, की माहिती घेऊन आलेला मुलगा प्रशिक्षकाचे अर्धे काम हलके करतो.


तापीपार, मूळ जळगाव, सध्या पुणे

मी जाहिरात क्षेत्रात काम करतो. सुभेदारसाहेबांच्या शेवटच्या विधानाला संशोधनाचा आधार आहे, तो येथे मांडतो.

नोकरीचे खरे चित्र उमेदवाराला आधीच दाखवले तर काय होते, याचा अभ्यास अमेरिकेत १९५० च्या दशकापासून झालेला आहे. १९५६ साली जोसेफ वाइट्झ यांनी विमा एजंटांच्या कामाचे वास्तव सांगणारी पुस्तिका काही उमेदवारांना देऊन पाहिली. ज्यांना ती मिळाली होती, ते नोकरीत जास्त टिकले. १९७३ साली जॉन वानुस यांनी टेलिफोन ऑपरेटरांवर असाच अभ्यास केला. पुढे सैन्यातील नवशिक्यांवरही असे प्रयोग झाले. या सगळ्यातून दिसणारा परिणाम प्रचंड नाही. मात्र अपेक्षा आणि वास्तव यांतले अंतर कमी झाले, की फसवले गेल्याची भावना कमी होते, हे त्यातून पुढे आले आहे. ज्याला ते काम मानवणार नाही तो आधीच बाजूला होतो आणि जो राहतो त्याची मनाची तयारी झालेली असते.

आता अस्सल जाहिरातीचा एक धडा. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटिश सैन्याने भित्तिचित्रांची एक मोहीम काढली. आजच्या तरुणांना मोबाइलचे व्यसनी, सेल्फीवेडे, हळवे अशी जी नावे ठेवली जातात, ती नावेच मोठ्या अक्षरांत छापून, याच तरुणांची सैन्याला गरज आहे असे त्यांत म्हटले होते. चेहरे खऱ्या जवानांचे होते. त्या महिन्यात अर्ज वाढले. पण ‘हळवा’ या अर्थाच्या शब्दाखाली ज्याचे छायाचित्र छापले होते तो जवान त्यामुळे दुखावला गेल्याच्या बातम्या तेथील वृत्तपत्रांत आल्या. खरा माणूस वापरताना त्याच्या चेहऱ्याशेजारी कोणते शब्द येणार आहेत, हे त्याला आधी दाखवणे किती आवश्यक असते, हे यावरून कळते. धुळ्याच्या त्या फ्लेक्सवरील मुलाला आपले डोके कोणाच्या धडावर बसणार आहे, हे कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

अमेरिकेचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तेथील भूदलाला २०२२ च्या आर्थिक वर्षात ६०,००० भरतीचे लक्ष्य होते आणि त्यात सुमारे १५,००० कमी पडले. २०२३ मध्ये त्यांनी १९८० च्या दशकातले आपले सर्वांत गाजलेले घोषवाक्य परत आणले. पण २०२४ मध्ये ५५,००० चे लक्ष्य गाठले गेले, त्यात घोषवाक्यापेक्षा ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट जॅक्सन येथे सुरू केलेल्या पूर्वतयारी वर्गांचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे. लेखी परीक्षेत किंवा वजनात थोडक्यासाठी नापास होणाऱ्या मुलांना तेथे सरकारी खर्चाने तयार केले जाते. आपल्याकडे हेच काम खासगी अकॅडम्या पैसे घेऊन करतात. तेव्हा या चर्चेत त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता सोबत घ्यावे, अशी विनंती आहे.


मैदानावरचा, अकॅडमी प्रशिक्षक, धुळे

तापीपार यांचे आभार. मी अकॅडमीत शिकवतो, म्हणून आमची बाजू लिहितो.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुले दहावी-बारावी झालेली, शेतमजुरांच्या किंवा अल्पभूधारकांच्या घरातली असतात. २०२३ पासून भरतीचा क्रम बदलला. आधी ऑनलाइन सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. जनरल ड्यूटीसाठी एका तासात ५० प्रश्न, १०० गुण आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. गावात वर्षभर फक्त धावलेला मुलगा आता मैदानापर्यंत पोहोचतच नाही. मैदानावर १.६ किलोमीटर धावणे साडेपाच मिनिटांत पूर्ण केले तर ६० गुण मिळतात, बीमवर दहा पुलअप्सचे ४०, आणि नऊ फुटांची खंदक-उडी पार करावी लागते. हे सर्व शिकवायला माणसे लागतात, जागा लागते, मुलांना अंडी-दूध द्यावे लागते.

फ्लेक्सविषयी जे लिहिले गेले ते मला मान्य आहे. ‘शंभर टक्के निकाल’ असे कोणत्याही प्रशिक्षकाला प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही, कारण वैद्यकीय तपासणी आमच्या हातात नसते. सपाट तळवे, उभे राहिल्यावर एकमेकांना लागणारे गुडघे, रंग ओळखण्यातील दोष, कानाचा आजार, यांमुळे धावण्यात पहिला आलेला मुलगाही परत येतो. यांतील पुष्कळ गोष्टी आपल्या तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर सहज पाहू शकतो. शुल्क घेण्याच्या आधी ही तपासणी करून घेण्यास प्रत्येक मुलाला सांगितले पाहिजे आणि दोष आढळला तर त्याला प्रवेश देऊ नये. काही ठिकाणी हे होत नाही, मुलगा दोन वर्षे पैसे भरतो आणि शेवटी पहिल्याच वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरतो. मला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते. घरच्यांनी एखादी म्हैस विकून ते शुल्क भरलेले असते.

पाटी तयार झाली तर आमच्या फाटकावर लावण्यास मी मालकांना राजी करीन.


दिवाणी न्यायालय परिसर, जळगाव

थोडक्यात कायद्याची माहिती देतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. निवडीची हमी देणारे दावे त्यांनुसार करता येत नाहीत. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे असेल, तर त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळीच अर्जात घेतलेली सही चालत नाही. पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना ही तत्त्वे लागू होतात. क्रीडा प्रशिक्षण त्यातून वगळले आहे, त्यामुळे ‘आम्ही फक्त मैदान घेतो’ असा बचाव केला जाऊ शकतो. परंतु जी अकॅडमी लेखी परीक्षेचे वर्ग घेते तिला हा आधार मिळणे कठीण आहे. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मूळ कायद्यातील तरतूद सर्वांनाच लागू आहे.


सानेगुरुजींच्या गावची शिक्षिका, अमळनेर

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवसांत अकॅडम्यांची माणसे शाळेच्या फाटकाबाहेर पत्रके वाटतात, हे मी नेहमी पाहते. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात, एवढी साधी गोष्टही त्या पत्रकावर नसते. गणितात जेमतेम उत्तीर्ण होणारी मुले वर्गात मागे बसून ‘मी तर फौजमध्ये जाणार’ म्हणत अभ्यास सोडून देतात. त्यांना हे आठवीतच कळले असते, तर त्यांनी अभ्यास केला असता, असे मला मनापासून वाटते.

साडेसतराव्या वर्षी अर्ज करता येतो, म्हणजे मुलगा कायद्याने अजून अल्पवयीन असतो आणि पालकांची सही लागते. ही सही बहुतेक वेळा वडील करतात आणि आईला मुलगा निघण्याच्या तयारीला लागल्यावर तपशील कळतो. वडिलांचा अभिमान मी समजू शकते. ‘मना पोऱ्या फौजमा शे’ हे वाक्य आमच्याकडे बाजाराच्या दिवशी किती ताठ मानेने उच्चारले जाते, हे सांगायला नको. पण जाहिरात मुलाकडे पाहून बोलते आणि सही आई-वडिलांची घेते. आपली पाटी आईला वाचता येईल, तिला कोणी वाचून दाखवील, अशी असावी. मुलींना महिला सैन्य पोलिसांत अग्निवीर म्हणून जाता येते, हेही तिच्यावर लिहावे; माझ्या वर्गातील मुलींना ते माहीतच नसते.


विवेकवाट, शहादा

माझा विरोध मूलभूत आहे, तो नोंदवतो. सतरा वर्षांच्या मुलाला उद्देशून सैन्याची जाहिरातच करू नये. माहिती जरूर द्यावी. पण जाहिरात जितकी अस्सल, तितकी ती मनावर जास्त पकड घेते, आणि त्या वयात धोक्याचा अंदाज नीट येत नाही. सशस्त्र संघर्षातील मुलांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक करार २००० साली झाला. अठरा वर्षांखालील सैनिकांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये, असे तो सांगतो. भारताने तो २००५ साली मान्य केला असून अठरा पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही युद्धक्षेत्रात पाठवत नाही, असे जाहीरही केले आहे. ज्या वयात पाठवायचे नाही, त्या वयात मोहून तरी का घ्यावे? आपल्या पाटीवर मृत्यू आणि अपंगत्व हे शब्द असतील, तरच मी तिला प्रामाणिक म्हणेन.


माजी सुभेदार, चाळीसगाव तालुका

विवेकवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही, कारण सैन्याला तरुण लागतात आणि ते कोणत्या तरी मार्गाने बोलवावेच लागतात. परंतु त्यांची अट मला मान्य आहे. सेवेत असताना मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. मृत्यू सेवेमुळे झालेला असल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान वेगळे. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळतात. हे आकडे पाटीवर लिहिताना हात थरथरेल, तरी लिहावेत. ज्या घराने हे वाचून मुलगा पाठवला, त्या घराचा त्याग गाव अधिक समजून घेईल.


सातपुडा, धडगाव

आमच्या भागाचा विचार कोणी केला नाही, म्हणून लिहितो. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात फ्लेक्स कमी आणि नेटवर्क त्याहून कमी. येथे जाहिरात माणसाच्या तोंडूनच येते. गुजरातमध्ये ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातला मुलगा अर्जाच्या तारखा संपल्यावर घरी परततो.

इतिहासातील एक गोष्ट येथे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला, तरी भिल्लांचा प्रतिकार थांबेना. १८२५ साली लेफ्टनंट जेम्स आउट्रम यांनी धरणगाव येथे तळ ठेवून भिल्लांचीच पलटण उभी केली. आरंभी कोणी पुढे येईना, कारण सरकारवर कोणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा आउट्रम पहारा न ठेवता भिल्लांच्या वस्त्यांत राहिले, त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांना दारू पाजली आणि मगच पहिली काही माणसे पलटणीत आली. आपल्या भागातील विश्वासावर उभी राहिलेली ही पहिली भरती म्हणता येईल. पण त्याच पलटणीचा उपयोग पुढे त्यांच्याच भाऊबंदांचा प्रतिकार मोडण्यासाठी झाला, हे आमचे लोक विसरलेले नाहीत. विश्वास खरा असला आणि हेतू पूर्ण सांगितलेला नसला, तर त्याची आठवण दोनशे वर्षे टिकते. म्हणून पांझराकाठ भाऊंनी सुरुवातीला जे लिहिले, ते मला पूर्णपणे पटते.

व्यावहारिक सूचना एवढीच, की पाटीचा मजकूर मराठीबरोबर अहिराणी, भिल्ली आणि पावरीत ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर पाठवावा. प्रवेश परीक्षा आता मराठीतही देता येते, ही बातमीसुद्धा आमच्या आश्रमशाळांत पोहोचलेली नाही. पूर्वी ती फक्त हिंदी आणि इंग्रजीत असे, त्या भीतीने आजही मुले अर्ज भरत नाहीत.


बोरीकाठचा भाऊ, पारोळा

माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे. तो आनंदात आहे, हे आधी सांगतो. सुट्टीवर आला की गल्लीतील मुले त्याच्याभोवती जमतात. पण ती मुले त्याला बंदुकीविषयी आणि बर्फाविषयी विचारतात. चार वर्षांनंतर काय, असे कोणी विचारले तर तो विषय बदलतो, कारण २५ टक्क्यांत आपण असू की नाही हे त्याला ठाऊक नाही आणि घरी आई ऐकत असते. सुट्टीवर आलेला जवान हीच गावातील सर्वांत अस्सल जाहिरात आहे, आणि त्याच्यावरच सर्व काही छान आहे असे सांगण्याचे दडपण सर्वांत जास्त असते. म्हणून हे काम पाटीने करावे, सुट्टीवर आलेल्या मुलावर टाकू नये.

योजनेतील पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी भरतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवल्याचे जाहीर झालेले आहे; पण राखीव जागा म्हणजे थेट नेमणूक असा समज गावात पसरला आहे. तेथेही अर्ज करून स्पर्धेत उतरावे लागते, हे स्पष्ट लिहावे.


पांझराकाठ, धुळे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसादांवरून मजकुराचा पहिला मसुदा असा केला आहे:

‘अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त शंभरातील पंचवीस जणांना पुढे ठेवतात, बाकीचे घरी येतात. पहिल्या वर्षी हातात महिना २१,००० रुपये येतात. शेवटी मिळणाऱ्या सेवा निधीतील निम्मी मुद्दल मुलाच्या पगारातूनच कापलेली असते. पेन्शन नाही. वर्षाला ३० दिवस रजा. मधेच सोडता येत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व येऊ शकते. त्यासाठीची भरपाई ग्रामपंचायतीतील पत्रकात वाचा. दहावीला ४५ टक्के लागतात. परीक्षा मराठीत देता येते आणि तिचे शुल्क २५० रुपये आहे. भरतीसाठी याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका. अकॅडमीत पैसे भरण्याआधी पाय, गुडघे, डोळे आणि कान डॉक्टरांना दाखवा. सही करण्याआधी आई आणि वडील दोघांनी हे ऐकावे.’

मुलींसाठीची ओळ आणि केंद्रीय दलांविषयीची ओळ जोडायची आहे. चित्र ठेवायचे झाल्यास आपल्याच तालुक्यातील जवानाचे, त्याच्या स्वतःच्या गणवेशातील आणि त्याने हा संपूर्ण मजकूर वाचून लेखी संमती दिल्यानंतरचे ठेवावे. सेवेतील जवानाला यासाठी वरिष्ठांची परवानगी लागेल, म्हणून निवृत्त जवानापासून सुरुवात करणे सोयीचे होईल.


सानेगुरुजींच्या गावची शिक्षिका, अमळनेर

मसुदा चांगला आहे. ‘बाकीचे घरी येतात’ या वाक्यानंतर, चार वर्षांत कौशल्याचे प्रमाणपत्र आणि दहावी झालेल्यास बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, हे जोडावे. परत आलेल्या मुलाच्या हातात काय असेल, हेही आईला कळले पाहिजे. आठवीपासूनच्या वर्गांत हा मजकूर वाचून दाखवण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागते.


मैदानावरचा, अकॅडमी प्रशिक्षक, धुळे

मालकांशी बोललो. पाटी लावण्यास ते तयार आहेत; मात्र शेजारच्या अकॅडमीनेही लावावी, नाहीतर मुले तिकडे जातील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची ही अडचण खरी आहे. म्हणून साक्री रस्त्यावरील सर्वांना एकत्र बोलावण्याचे ठरवत आहे. सुभेदारसाहेब, आपण त्या दिवशी चाळीसगावहून येऊ शकाल का?


माजी सुभेदार, चाळीसगाव तालुका

अवश्य येतो. दिवस कळवा, आणि मुलांचे मैदान आटोपल्यानंतरची वेळ ठेवा, म्हणजे त्यांनाही बसता येईल.